शिकार-परवान्यांचा लिलाव

वन्य प्राण्यांची वा माशांची मर्यादित शिकार करण्याचा खास परवाना जाहीर लिलावाने विकून त्याचे उत्पन्न वन्यजीव संरक्षणासाठी वापरण्याची पद्धती. शिकारीसाठी सामान्यतः प्रजननकाळ उलटलेला नर निवडतात. नामिबियातील काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना २०१४ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे ३,५०,००० डॉलरना विकला गेला. पाकिस्तानात मारखोर या रानबकऱ्याच्या शिकारशुल्काचा ८०% भाग स्थानिक गावांना मिळतो. तेथील यशाचे मर्म बोलीच्या रकमेपेक्षा या वाटणीत आहे.

भारतात हा मार्ग बंद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात शिकार-परवान्यांची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने संपुष्टात आली. महाराष्ट्रात जलाशयांतील मासेमारीचे ठेके देतात, पण तो मत्स्यव्यवसाय होय.

प्रश्न मात्र उरतोच. पूर्वीच्या औंध संस्थानातील कुंडल गावाजवळ, उजाड डोंगरांवर झाडे लावून सागरेश्वर अभयारण्य (१९८५, जि. सांगली) उभे राहिले. तेथे आणून सोडलेली सांबरे व चितळे वाढली आणि कुंपणाबाहेरील पिकांत शिरू लागली. अशा नासाडीची भरपाई शासकीय तिजोरीतूनच होते.