आठवी-नववीच्या वर्गात ‘संशयकल्लोळ’

मराठीच्या शिक्षकांनो, मुलांना एक जुनं विनोदी नाटक करून बघायचं असेल तर गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलिएरची, १६६० च्या नाटकातली. ती इंग्रजीमार्गे देवलांकडे आली आणि इतकी मराठी झाली की परकेपणाचा मागमूसही उरला नाही. आधी गद्य नाटक होतं, १९१६ मध्ये ते संगीत रूपात रंगभूमीवर आलं.

सुरुवात लेखक-परिचयाने करू नका, थेट तसबिरीच्या प्रसंगाने करा. नाटकाची नायिका रेवती, तिला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, आणि ती तिच्या हातात फाल्गुनरावाला दिसते! झाला दोन्हीकडे संशय सुरू.

हे वाचून दाखवू नका, चार मुलं उभी करा. तसबीर म्हणून एक पोस्टकार्ड पुरे. प्रत्येक हालचालीनंतर थांबवून बसलेल्यांना विचारा, ‘आत्ता कोणाला काय ठाऊक आहे?’ आपल्याला सगळं माहीत असतं, पात्रांना अर्धंच. हसू तिथून येतं, हे मुलांना व्याख्येविना कळतं.

रेवती नायकिणीची मुलगी आहे. हा भाग गाळू नका, त्या काळाबद्दल सरळ शब्दांत सांगा, मुलं समजून घेतात. नाट्यपदं मात्र ऐकवाच, एखादं तरी.

तुमच्या शाळेत कुठलं नाटक शिकवलंत? कमेंटमध्ये जरूर लिहा.