सेकंड हँड हायब्रीड गाडी घेताय? आधी वय बघायचं की रनिंग?



"सर, दोन गाड्या बघून ठेवल्यात. दोन्ही स्ट्राँग हायब्रीड, किंमत जवळपास सारखीच. एक २ वर्षांची आहे, पण ८०,००० किलोमीटर पळालीये. दुसरी ४ वर्षांची, पण फक्त ३०,००० झालेत. टोकन कुठल्या गाडीचं देऊ?"

आपल्या एका प्रेक्षकाचा हा प्रश्न. मसाल्यांचा छोटा धंदा, दुकानं स्वतः फिरून करतात. अर्धे पैसे साठवलेले, अर्धे कर्जाचे. म्हणजे निवड चुकली तर फक्त गाडी नाही, धंद्याचं भांडवलही अडकणार. मी त्यांना उलट विचारलं, "महिन्याला गाडी किती पळणार?" त्यावर ते गप्प झाले. मित्रांनो, खरी गोम इथेच आहे.

आधी 'हायब्रीड' म्हणजे कुठली ते बघा

जाहिरातीत हायब्रीड लिहिलेली प्रत्येक गाडी सारखी नसते. मारुतीच्या सियाझ, अर्टिगावर 'स्मार्ट हायब्रीड' लिहिलेलं असतं, ती माइल्ड हायब्रीड. त्यात मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. स्ट्राँग हायब्रीड काही अंतर नुसत्या बॅटरीवरही चालते. होंडा सिटी हायब्रीड, ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस या २०२२ मध्ये बाजारात आल्या. ग्रँड व्हिटाराचं साधं पेट्रोल मॉडेलही माइल्ड हायब्रीड असतं, म्हणून आरसी आणि व्हेरियंटचं नाव नीट तपासा. स्ट्राँगचा भाव देऊन माइल्ड घरी आणू नका!

आता मुख्य हिशोब

स्ट्राँग हायब्रीडमध्ये सगळ्यात महाग भाग म्हणजे मोठी बॅटरी. वर सांगितलेल्या चारही गाड्यांच्या बॅटरीला कंपनीची वॉरंटी आहे ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. त्यामुळे 'किती जुनी' यापेक्षा 'माझ्या हातात वॉरंटी किती महिने उरणार' हा प्रश्न विचारा.

पहिली गाडी, २ वर्षं आणि ८०,००० किलोमीटर. शिल्लक ७२ महिने आणि ८०,००० किलोमीटर.
दुसरी गाडी, ४ वर्षं आणि ३०,००० किलोमीटर. शिल्लक ४८ महिने आणि १,३०,००० किलोमीटर.

तुमचं रनिंग महिन्याला ३,००० असेल, तर पहिल्या गाडीची वॉरंटी साधारण २७ महिन्यांत संपेल, दुसरीची ४३ महिने टिकेल. म्हणजे दुसरी घ्या.

रनिंग महिन्याला १,००० च असेल, तर पहिलीला पूर्ण ७२ महिने मिळतात, दुसरीला ४८ च. आता पहिली घ्या!

बघा, गाड्या त्याच, उत्तर उलटं. कमी पळालेली गाडी नेहमीच चांगली, हा समज इथे पैसे घालवतो. धंद्यासाठी माझा साधा नियम असा की, कर्जाचे हप्ते संपेपर्यंत तरी बॅटरीची वॉरंटी जिवंत हवी. एकीकडे हप्ता आणि दुसरीकडे बॅटरीचा खर्च, असा दुहेरी मार लहान धंद्याला झेपत नाही.

टोकन देण्याआधी

१. सर्व्हिस हिस्ट्री कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच काढा. मीटर मागे फिरवलं असेल तर जुन्या नोंदींत सापडतं. तिथेच हायब्रीड बॅटरीची तपासणी करून घ्या आणि वॉरंटी नव्या मालकाला लागू आहे का, तेही विचारा. भाड्याने चालवणार असाल तर त्या वापराच्या अटी वेगळ्या आहेत का, ते वॉरंटीच्या पुस्तिकेत वाचा.
२. केबिनमध्ये बॅटरीला हवा देणारी जाळी असते, बऱ्याच मॉडेलमध्ये सीटच्या आसपास. ती धुळीने बुजली असेल तर बॅटरी तापते.
३. कमी पळालेली गाडी महिनोन् महिने उभी होती का, ते विचारा. उभ्या गाडीत १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरते. टायरवरचे चार आकडे बघा. २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. रबर न पळताही म्हातारं होतं.
४. डिकी उघडून बघा. काही मॉडेलमध्ये बॅटरीमुळे जागा कमी असते. तुमचे खोके मावतात का?
५. कर्ज फिटलंय का, ते आरसीवर बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि मुळात हायब्रीड हवीच का?

समजा पेट्रोल १०५ रुपये. साधी गाडी लिटरला १४ देते, हायब्रीड २१. म्हणजे किलोमीटरला ७.५० विरुद्ध ५ रुपये, बचत अडीच रुपये. हायब्रीडसाठी ३ लाख जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला १,२०,००० किलोमीटर लागतात. महिन्याला ३,००० पळवणाऱ्याला ४० महिने, १,००० पळवणाऱ्याला १० वर्षं! शिवाय हायब्रीडची खरी कमाई शहरातल्या ट्रॅफिकमध्ये, कारण ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते. तुमचा धंदा बहुतेक हायवेवरचा असेल तर बचतीचा आकडा कमीच धरा.

आपल्या मसालेवाल्या भावांनी दोन आठवडे रोजचं मीटर वहीत लिहिलं. महिन्याचं रनिंग निघालं १,१०० च्या आसपास. त्यांनी दोन्ही गाड्या सोडल्या आणि साधी पेट्रोल गाडी बघायला घेतली. उरलेले पैसे ते मालात घालणार आहेत.

तुमचा गृहपाठही तोच. आधी पंधरा दिवस वही, मग टोकन. गाडी धंद्यासाठी आहे, धंदा गाडीसाठी नाही. भेटूया पुढच्या व्हिडिओत!