इथे काय घडलं?

रात्रीचा सव्वा वाजलाय. बाहेर धो धो पाऊस. एका मोठ्या, जुन्या घराच्या ओसरीत तुम्ही उभे आहात. दाराला कुलूप आहे आणि दारावर धाकट्या बहिणीची चिठ्ठी आहे, तिला शोधत बसू नका अशी विनवणी करणारी. तारीख ७ जून १९९५. ओसरीतल्या कपाटात नाताळच्या सजावटीतलं एक बदक ठेवलंय. ते उचललं की खाली किल्ली सापडते. कुलूप उघडतं. आत अंधार, आणि अख्ख्या घरात कुणीही नाही.

‘गॉन होम’ हा व्हिडिओ गेम २०१३ साली आला. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या जेमतेम चार-पाच जणांच्या चमूने तो बनवला. या घरात शेवटपर्यंत एकही माणूस भेटत नाही. कुणाला मारायचं नाही, कुणापासून पळायचं नाही. दिवे लावायचे, खण उघडायचे, कागद वाचायचे, कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालून ऐकायची. काही वस्तू हातात घेतल्या की बहिणीच्या डायरीतला मजकूर तिच्याच आवाजात ऐकू येतो, तेवढीच काय ती सोबत. तरी दोनेक तासांत चार माणसांचं एक कुटुंब आपल्याला आतून-बाहेरून कळतं.

कळतं ते कसं, हे पाहायला न्हाणीघरात जाऊ. टबात लालभडक डाग आहेत. रिकामं घर, गडगडणारं आभाळ, मधूनच लुकलुकणारे दिवे. काळजात धस्स होतं. मग टबाच्या काठावर बाटली दिसते. केस रंगवायचा लाल रंग! हायसं वाटतं, आणि त्या हायशा श्वासात बरंच काही उमगलेलं असतं. या घरात कुणीतरी आपलं रूप बदलत होतं. आणि भूत कुणी दाखवलंच नव्हतं, ते आपणच आणलं होतं.

वडिलांचंही तसंच. त्यांच्या कादंबरीच्या न खपलेल्या प्रती खोक्यांत भरून ठेवल्यात. पोटापाण्यासाठी ते स्टिरिओ आणि टीव्हीची परीक्षणं लिहितात, त्याचे कागद पडलेत. पुस्तकांच्या कपाटावर, सहज नजर जाणार नाही अशा जागी, व्हिस्कीची बाटली आहे. ‘हा माणूस लेखक म्हणून हरलाय’ असं वाक्य गेममध्ये कुठेही नाही. ते वाक्य खेळणाऱ्याच्या मनात तयार होतं आणि स्वतः तयार केलेलं असल्यामुळे त्याच्यावर विश्वासही जास्त बसतो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या मांडवात शिरलं, तर तुडवलेल्या अक्षता, एका कोपऱ्यात गोल करून मांडलेल्या खुर्च्या आणि न उघडलेली पाण्याच्या बाटल्यांची खोकी बघून कालचा समारंभ बराचसा सांगता येतो. माग वाचून कारणापर्यंत पोचायची ही सवय माणसाला जन्मजात असल्यासारखी आहे, आणि हा कथाप्रकार नेमका तिच्यावर उभा आहे. कादंबरी आणि सिनेमा आपल्याला ‘पुढे काय झालं?’ या प्रश्नाने ओढत नेतात. जागेत मांडलेली गोष्ट विचारायला लावते, ‘इथे काय घडलं?’

हा प्रश्न संगणकावर अवतरला तो एका खऱ्याखुऱ्या गुहेतून. विल क्रौदर हा अमेरिकन प्रोग्रामर. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर काम करणारा, आणि सुट्टीत गुहांचे नकाशे काढणारा. केंटकी राज्यातली मॅमथ गुहा ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा. आजवर तिचे ६८० किलोमीटरहून अधिक मार्ग मोजले गेलेत. शेजारचं फ्लिंट रिजचं गुहाजाल तिला आतून जोडलेलं आहे, हे १९७२ मध्ये ज्या मोहिमेने शोधलं, तिच्यात क्रौदरची पत्नी पॅट्रिशिया होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. १९७५-७६च्या सुमारास क्रौदरने मुलींना खेळता यावा म्हणून एक गेम लिहिला. त्यात चित्र एकही नव्हतं, नुसतं लेखन. रस्त्याच्या टोकाला विटांचं छोटं घर, पुढे जमिनीत बसवलेली कुलूपबंद जाळी, तिच्याखाली गुहा. ‘उत्तर’, ‘खाली’, ‘आत’ असं टाइप करत पुढे जायचं. १९७७ मध्ये डॉन वुड्सने त्यात भर घातली आणि हा ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ विद्यापीठांतल्या संगणकांवर वणव्यासारखा पसरला.

डेनिस जेर्झ या अभ्यासकाने क्रौदरचा मूळ प्रोग्राम मिळवला, गुहेत जाऊन पडताळा घेतला आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. जादू आणि खजिना वगळला तर गेममधली गुहा बव्हंशी खरी निघाली. गुहावेड्यांमध्ये एक किस्सा सांगितला जातो. एक बाई आयुष्यात पहिल्यांदाच त्या गुहेत उतरली आणि कुठून कुठे जायचं हे सोबतच्यांना सांगू लागली. गेम खेळून खेळून तिला वाटा पाठ झाल्या होत्या. केवळ शब्दांतून एक जागा, तिच्या दिशांसकट, तिच्या डोक्यात उभी राहिली होती.

मात्र माणसाला जागेत मोकळं सोडलं की लेखकाची पंचाईत होते. वाचकाने पान दहानंतर अकराच उलटावं, एवढी हमी कादंबरीकाराला असते. इथे खेळणारा थेट स्वयंपाकघरात जाईल, नाहीतर जिन्याखाली बसून राहील. डिस्नेच्या थीम पार्कसाठी काम केलेल्या डॉन कार्सनने २००० साली गेम बनवणाऱ्यांसाठी एक लेख लिहिला. गोष्टीचा भार जागेवरच कसा टाकायचा, हे त्यात होतं. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हापासून मुख्य रस्त्याच्या टोकाचा राजवाडा हेच करतो: फाटकातून आत आलेल्या माणसाला पाटी न दाखवता आपल्याकडे खेचून घेतो. पुढे २००४ मध्ये हेन्री जेन्किन्स या अभ्यासकाने मांडलं की गेम रचणाऱ्याला कथाकारापेक्षा कथेचा वास्तुरचनाकार समजावं.

हे वास्तुशास्त्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. ‘जर्नी’ या २०१२च्या गेममध्ये एकही शब्द बोलला जात नाही. सुरुवातीला वाळूची टेकडी चढून वर आलं की दूर क्षितिजावर एक डोंगर दिसतो, शिखरातून उजेड फुटलेला. तिकडे जायचं, हे कुणाला सांगावं लागत नाही. ‘गॉन होम’मध्ये वरच्या मजल्यावर पोचलात की माळ्याची झडप दिसते, भोवती लाल दिव्यांची माळ आणि झडपेला कुलूप. ती किल्ली शेवटी मिळते. म्हणजे गोष्टीचा शेवट कुठे आहे हे तुम्हाला आधीच दाखवून ठेवलंय. लांबवलाय तो फक्त तिथे पोचण्याचा क्षण. प्रकरणांचा क्रम इथे कुलपांनी लावलाय आणि अधोरेखित करायचं काम दिव्यांकडे दिलंय.

जागेच्या हिशेबाने गोष्ट लावायची ही रीत आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वी भिंतीवर उतरली होती. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची कथा रंगवलेली आहे. जहाज फुटून तो राक्षसिणींच्या बेटावर पडतो, उडत्या शुभ्र घोड्यावर बसून सुटतो, एक राक्षसीण त्याच्यामागे थेट राजाच्या दरबारापर्यंत येते, आणि शेवटी सिंहल सैन्य घेऊन त्या बेटावर परततो. डावीकडून उजवीकडे क्रमाने वाचू गेलं तर ही भिंत चक्रावून टाकते. डीटर श्लिंग्लॉफ आणि विद्या देहेजिया या अभ्यासकांनी तिची गुरुकिल्ली दाखवली: अजिंठ्याच्या अशा चित्रांत प्रसंग काळाच्या क्रमापेक्षा स्थळाप्रमाणे एकत्र केलेले असतात. बेटावर जे घडलं ते बेटापाशी, मग मधे कितीही काळ गेलेला असो. राजवाड्यात घडलं ते राजवाड्यापाशी. तेच पात्र एका चौकटीत पुन्हा पुन्हा दिसतं. काळाचा धागा ओवायचा तो भिंतीसमोर फिरणाऱ्याने.

आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत जागा निदान लेखकाच्या ताब्यात होती. ऑगमेंटेड रिॲलिटीत, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने काढलेलं दृश्य चढवण्याच्या तंत्रात, हा ताबाही ढिला होतो. त्याची चुणूक एका कलाकृतीने अगदी साध्या साधनांनी दाखवली. २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात ‘डॉक्युमेंटा’ हे कलाप्रदर्शन भरलं होतं. कॅनडाच्या जॅनेट कार्डिफ आणि जॉर्ज ब्यूर्स मिलर या जोडीने तिथल्या जुन्या रेल्वे स्थानकात प्रेक्षकाच्या हाती एक आयपॉड आणि हेडफोन दिले. पडद्यावर त्याच स्थानकाचं चित्रण, नेमकं तुम्ही उभे आहात तिथून घेतलेलं. आयपॉड समोर धरून चित्रणातल्या वाटेने चालायचं, २६ मिनिटं. पडद्यावर वाजंत्री वाजवत येतात, मान वर केली तर समोर रिकामी फरशी. पाठीमागे पावलं वाजतात; वळून बघावं तर कुणी नाही, कारण आवाज दोन कानांना ऐकू येतो तसा दोन मायक्रोफोनवर टिपलाय. आणि याच स्थानकातून १९४१-४२ मध्ये कासेलच्या ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवलं गेलं होतं. ते पुस्तकात वाचणं आणि त्या फलाटावर उभं राहून ऐकणं, यांत फार अंतर आहे. सेट कितीही हुबेहूब उभारला तरी ‘इथेच’ हा शब्द त्याला कमावता येत नाही.

पण गोष्ट थेट तुमच्या घरात आणायची असेल तर? फ्रान्सच्या असोबो स्टुडिओने २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स चष्म्यासाठी ‘फ्रॅगमेंट्स’ नावाचा रहस्यगेम काढला. गुन्ह्याचे पुरावे तुमच्या दिवाणखान्यात विखुरलेले दिसतात, माणसाच्या आकाराची पात्रं येतात आणि तुमच्याच सोफ्यावर बसतात. हा दिवाणखाना रचणाऱ्याने कधी पाहिलेलाही नसतो. म्हणून सुरुवातीला खेळणाऱ्याने खोलीभर नजर फिरवायची. चष्म्यातला खोली मोजणारा कॅमेरा पृष्ठभाग टिपत जातो आणि खोलीची एक त्रिकोणी जाळी विणली जाते. पण जाळीला सोफा म्हणजे काय हे ठाऊक नसतं. त्यासाठी असोबोच्या प्रोग्रामरांनी वस्तूंच्या व्याख्या लिहिल्या. जमिनीपासून बसण्याजोग्या उंचीवर सपाट भाग असेल, तर तिथे बसता येईल. तो रुंद असेल आणि मागे टेकायला जागा असेल, तर तो सोफा. हा कोड पुढे मायक्रोसॉफ्टमार्फत इतर गेम बनवणाऱ्यांनाही खुला झाला.

यात लेखनाची पद्धतच पालटली. ‘चाकू सोफ्याखाली आहे’ असं इथे लिहिता येत नाही, कारण सोफा असेलच असं नाही. लिहायचं ते असं: उभ्या माणसाला दिसू नये, वाकलेल्या माणसाला सापडावा. ‘खुनी दारात उभा आहे’ऐवजी: तुमच्यापासून चार पावलांवर, मागे भिंत, समोर मोकळी वाट. कुणाच्या घरी तो चाकू दिवाणाखाली निघेल, कुणाच्या टीपॉयखाली. प्रत्येक घरातला घटनास्थळाचा नकाशा वेगळा, गोष्ट मात्र एकच. क्रौदरने एका गुहेची नक्कल उतरवली, ‘गॉन होम’च्या चमूने एक घर बांधलं, आणि इथे लेखकाच्या हाती उरली ती फक्त जागांमधली नाती: लपलेलं आणि उघडं, उंच आणि खोल, जवळ आणि हाताबाहेर.

आणि तेवढ्याने भागतं, हे यातलं खरं नवल. कारण बाकीचं सामान आपण आधीच भरून ठेवलेलं असतं. घरातल्या कोणत्या खुर्चीवर कोण बसतं, कोणता कोपरा रात्री नकोसा वाटतो, कोणत्या कपाटात आपण स्वतः काय लपवलंय, हे त्या चष्म्याला मुळीच कळत नाही. तो एका अनोळखी पात्राला नेमका आजोबांच्या जागेवर बसवतो, आणि आपण दचकून उठतो.