डोंगरावरचा निवारा: लेण्यांपासून काय घ्यावे?

परभणी जिल्हा म्हणजे काळ्या जमिनीचा सपाट मुलूख. जिंतूरकडे गेले की तेवढे डोंगर दिसतात. तिथे नेमगिरीला जैन लेणी आहेत. तरी आपल्या कुटुंबांना डोंगर परका नाही. सुट्टी मिळाली की अजिंठा, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठामागची बुद्धलेणी, असा बेत ठरतो. आता तरुण मुलेमुली पाठीवर पिशवी टाकून गडांवरही जाऊ लागली आहेत. वर अचानक पाऊस आला, लेकरू दमले, रात्र झाली, तर थांबायचे कोठे?

हा प्रश्न फार जुना आहे. चुल्लवग्गात राजगृहाच्या श्रेष्ठीची हकीगत येते. भिक्खू झाडाखाली, कपारीत, उघड्यावर राहत. भगवंतांनी अनुमती दिल्यावर त्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार बांधून दिले. अनुमती दिलेल्या पाच प्रकारच्या निवाऱ्यांत गुहाही होती. पुढे सह्याद्रीत घाटवाटांच्या आसपास लेणी कोरली गेली. कल्याणहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात तर वाटेच्या कडेलाच सातवाहनांचे लेणे आहे.

कान्हेरीला जाल तेव्हा मूर्तींबरोबर पाण्याची सोयही नीट बघा. शंभराहून अधिक लेणी, आणि जागोजागी खडकात खोदलेले टाके. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी कोरलेल्या पन्हळींतून टाक्यात उतरते. बसायला ओटा, झोपायलाही दगडी ओटा. आजचा इंजिनियर ज्याला पर्यावरणपूरक म्हणतो, ते हेच!

हिशेब करून पाहा. छप्पर तीस चौरस मीटर असेल तर एक मिलिमीटर पावसात तीस लिटर पाणी पडते. वर्षाला आठशे मिलिमीटर पाऊस धरला तर चोवीस हजार लिटर. गळती आणि पहिल्या सरीचे घाण पाणी सोडून द्या, तरी वीस हजार हाती राहील. टाके तेवढे मोठे मात्र हवे, आणि झाकलेले हवे.

भिंतींच्या बाबतीत आपल्या भागाने फार मोठी किंमत मोजली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. जाड दगडी भिंती चिखलात रचलेल्या, वर माळवदाची जड माती. माळवद उन्हाळ्यात गार असते, हे आपण सारे जाणतो. पण भिंतीची दोन अंगे एकमेकांना बांधलेली नसली की धक्क्याने फुगून सुटतात, आणि माती अंगावर येते. म्हणून दगड वापरायचा तर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधूनमधून घालावेत, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा बांधावा आणि छप्पर हलके ठेवावे. नुसता पत्रा तापतो. त्याखाली बांबूचा तट्ट्या मारला तर बरे. वारा पत्रा उडवतो, तेव्हा तो भिंतीशी घट्ट जखडलेला हवा.

लॉरी बेकर या वास्तुकाराने हिमालयात पिठोरागड भागात सोळा वर्षे काढली. जवळपास मिळेल त्याच वस्तूने बांधायचे, हे तो तिथल्या लोकांकडून शिकला. स्वित्झर्लंडमध्ये 2009 साली मोन्टे रोझा पर्वतावर 2883 मीटर उंचीवर मोठा निवारा उभा राहिला. वीज बरीचशी सूर्याची, पाणी वितळलेल्या बर्फाचे. पण त्याचे भाग हेलिकॉप्टरने वर नेले. आपल्याकडे तेच ओझे मजुराच्या डोक्यावरून जाणार! सिमेंटचे पोते वर चढवणाऱ्याला विचारून नकाशा काढावा, असे मला तरी वाटते. कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दार केल्याचा लेख आहे. कामगाराचे नाव दगडावर राहिले आहे.

संडासाची गोष्ट लाजून टाळू नये. काळ्या खडकात शोषखड्डा मुरत नाही, घाण भेगांतून टाक्याकडे जाते. राख-माती टाकायचा कोरडा संडास, तोही टाक्याच्या उतारावर खाली, हाच मार्ग. बायकांसाठी आतून लागणारी कडी हवीच.

आणि निवारा लेण्यात नको. चुलीच्या धुराने रंगकाम काळे पडते. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, पुढच्या 200 मीटरांत परवानगी काढावी लागते. जागा पाहायला जाताना टेप सोबत न्यावा.