आजार एकाचा, शुश्रूषा घराची

आपल्याकडे रोगी सहसा एकटा रुग्णालयात जात नाही. त्याच्यामागे सारे घर जाते. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रोग्यांच्या नातलगांना आवारातच तंबूंत राहावयास बोलावले. पुढे बेंगळुरूच्या ‘निमहान्स’ संस्थेनेही कुटुंबास उपचारांत सामावून घेतले. औषध वेळेवर देणे, झोपेतील वा जेवणातील फरक ओळखणे, ही कामे अखेर घरचीच माणसे करतात.

आता रोग्याचे कागद पिशवीतून निघून संगणकात जाऊ लागले आहेत. कर्नाटक शासनाने २०२० साली मानसिक आरोग्याच्या नोंदींसाठी ‘ई-मानस’ ही व्यवस्था सुरू केली. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात नागरिकास चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. त्यास जोडलेल्या नोंदी रोग्याच्या संमतीने दुसऱ्यास पाहता येतात आणि ती संमती मागेही घेता येते.

सोय मोठी आहे. परंतु नोंदी उघडावयाच्या कोणी? समजा, वडील बेळगावास आहेत आणि मुलगी नोकरीनिमित्त बेंगळुरूस. वडिलांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी विचारून घेऊन ती सर्व कागद पाहते. हेतू चांगलाच. तथापि, वडिलांनी डॉक्टरांना एकांतात सांगितलेली गोष्टही तिच्या दृष्टीस पडू शकते. पुढील खेपेस ते डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलतील काय? उलटपक्षी, तिला काहीच दिसले नाही, तर औषधाची बदललेली मात्रा तिला कळावी कशी?

या पेचातून वाट काढण्यास २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपयोगी पडतो. कोणाही सज्ञान व्यक्तीस साध्या कागदावर, सही वा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमता येतो. त्या प्रतिनिधीस निदान व उपचार यांची माहिती मागण्याचा अधिकार असतो. ही नेमणूक केव्हाही बदलता येते.

कायदा मानसिक आजारापुरता असला, तरी त्यातील रीत प्रत्येक घराने उचलण्याजोगी आहे. माणूस धडधाकट असतानाच त्यास विचारावे : तुमचे कागद कोणी पाहावेत, आणि कोणते पाहू नयेत? उत्तर लिहून ठेवावे. रोग्याचा पासवर्ड परस्पर वापरण्याऐवजी, शुश्रूषा करणाऱ्यासाठी वेगळ्या प्रवेशाची सोय आहे काय, याची रुग्णालयात चौकशी करावी. अशाने औषधपाण्यात चूक होण्याचे भय कमी होईल आणि रोग्याचा मानही राहील.