बोरीबंदर ते दादर : मुंबईच्या ट्रामचा उदयास्त

मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्रामसेवा सुरू झाली आणि कुलाबा ते पायधुणी व बोरीबंदर ते पायधुणी या पहिल्या दोन मार्गांनी फोर्ट भागातील कचेऱ्या व उत्तरेकडील दाट वस्तीच्या बाजारपेठा एकमेकींना जोडल्या. रस्त्यात बसवलेल्या रुळांवरून घोडे ट्रामचे डबे ओढत, त्यासाठी ट्राम कंपनीने सुमारे ९०० घोडे बाळगले होते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली, १९२० मध्ये दुमजली डबे आले आणि भायखळा, लालबाग, परळमार्गे दादरपर्यंत पोहोचलेली ट्राम गिरणी कामगारांच्याही रोजच्या वापराची झाली.

ट्राम चालवणे हे स्वतंत्र कसब होते. रुळांवरील डब्याला अडथळ्यास वळसा घालता येत नाही, म्हणून एका हाती वीजप्रवाह कमीजास्त करणारी मूठ, म्हणजे कंट्रोलर, दुसऱ्या हाती ब्रेक आणि पायाखाली घंटा अशा तयारीत उभ्या असलेल्या चालकाला पुढच्या गर्दीची चाल आधीच ओळखावी लागे. छतावरील ट्रॉली, म्हणजे वरच्या तारेला टेकलेला दांडा, वीज आत आणी आणि रुळांतून ती परत जाई. पावसात त्याच ओल्या रुळांवर चाके घसरू न देता भरलेला डबा थांबवणे ही या कसबाची खरी कसोटी असे.

१५ जुलै १९२६ रोजी बस आली. तिला रूळ लागत नव्हते आणि ती पदपथाला लागून उभी राहू शकत असे, तर ट्रामसाठी उतारूंना रस्त्याच्या मधोमध जावे लागे. १९४७ मध्ये ट्राम व बस या दोन्ही सेवा महापालिकेच्या ताब्यात आल्या. पुढे वाढत्या मोटारींच्या गर्दीत ट्राम हीच अडचण मानली गेली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेलेल्या खच्चून भरलेल्या गाडीने तिचा शेवट झाला.

आज दादर टी.टी. (ट्राम टर्मिनस) या नावात ट्रामचे अखेरचे स्थानक टिकून आहे आणि फोर्ट भागातील खोदकामात गाडलेले रूळ सापडले आहेत. मात्र जुन्या मार्गांची सलग ओळख रस्त्यावर कोठेही होत नाही, ही उपेक्षा खेदाची आहे. हुतात्मा चौक, बोरीबंदर, काळबादेवी या ट्रामच्याच परिसरांत आता भुयारी मेट्रोची स्थानके झाली आहेत. तेथे ट्रामचे नकाशे लावल्यास, या शहराने सार्वजनिक वाहतुकीचा वारसा एकदा मोडून तो पुन्हा मोठ्या खर्चाने उभारला, हे नव्या प्रवाशांना कळेल आणि पुढचे निर्णय अधिक विचाराने होतील.