शेजारच्या काकांकडे विकेट आधी का पडते?

तुमच्यासोबतही हे झालंच असेल. मोबाइलवर मॅच रंगात आलीय, बोलर अजून रनअपच घेतोय आणि शेजारच्या काकांच्या घरातून आवाज येतो, 'आऊट!' सगळ्या मजेची वाट. मग आपण नेटला शिव्या घालतो. मीही घालायचे. पण दोष दरवेळी नेटचा नसतो बरं का!

लाइव्ह मॅच क्षणाक्षणाला बदलते. ती कोट्यवधी लोकांना एकाच ठिकाणाहून द्यायची म्हणजे लग्नाच्या पंगतीला एकच वाढपी. म्हणून व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि त्यांच्या प्रती गावोगावच्या सर्व्हरवर ठेवतात. या जाळ्याला म्हणतात सीडीएन. तुमचा फोन जवळच्या सर्व्हरवरून तुकडा उचलतो, वर नेट अडखळलं तर असावेत म्हणून दोन-तीन जास्तीचे जमवून ठेवतो. काका पुढे असतात ते यामुळे.

नुसता स्कोअर बघणाऱ्यांचंही तसंच. दोन बॉलच्या मध्ये आपण दहादा रिफ्रेश करतो. सर्व्हर प्रत्येक वेळी अख्खं पान पाठवत नाही, 'काही बदललं नाही' एवढंच कळवतो. रात्री डेटा पॅक संपत आलेल्यांना याची किंमत विचारा!

खरी गंमत मात्र विकेट पडल्यावर होते. १० जुलै २०१९, वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर न्यूझीलंड. हॉटस्टारवर एकाच वेळी अडीच कोटींहून जास्त लोक. आणि धोनी रनआऊट. (अजून दुखतं, जाऊ दे.) लोक भराभर बाहेर पडले. आपल्याला वाटेल, चला, सर्व्हर सुटला. पण लोक ॲप बंद करत नाहीत, बॅक दाबतात. बॅक दाबलं की येतं होम पेज, आणि ते प्रत्येकाचं वेगळं! तुम्हाला मराठी सिनेमे, मला वेब सीरिज. एकाची प्रत दुसऱ्याला चालत नाही. म्हणजे व्हिडिओवरची गर्दी एका झटक्यात नेमक्या नाजूक दारावर. म्हणून तिथले इंजिनिअर गर्दी चढण्याइतकीच ती कोसळण्याचीही तयारी करतात. फारच ताण आला तर 'खास तुमच्यासाठी'वाली यादी बंद, मॅच मात्र चालू ठेवायची. मला हे पटतं. त्या क्षणी शिफारशी हव्यात कुणाला?

२०२३च्या फायनलला हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. मी मात्र आता मॅचला इअरफोन घालूनच बसते. काकांना टीव्हीचा आवाज कमी करा म्हणायची हिंमत नाही.